मायएसक्यूएलच्या कमांड लाइनवर मराठीच्या जागी ????? : पुन्हा पुन्हा का येते आणि कसे घालवायचे

लक्षण ओळखीचे आहे. टर्मिनलवर मायएसक्यूएलचा क्लायंट उघडला, सिलेक्ट चालवला आणि नावाच्या रकान्यात ????? आले. किंवा दर दोन-तीन चिन्हांआड ¤ आणि ¥ डोकावणारी खिचडी दिसली. कुणीतरी 'सेट नेम्स' (कनेक्शनचे एन्कोडिंग ठरवणारी आज्ञा) करायला सांगितले, तेवढ्यापुरते सगळे सुरळीत झाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

अशा वेळी हात पहिला जातो तो आल्टर टेबलकडे, म्हणजे टेबलाची रचनाच बदलणाऱ्या आज्ञेकडे. तो आधी आवरा. हीच लक्षणे चार वेगवेगळ्या दोषांतून उद्भवतात. त्यांतल्या एकात डेटाला काहीही झालेले नसते, दोनांत तो बिघडलेला दिसतो पण परत मिळवता येतो, आणि एकात तो कायमचा गेलेला असतो. एकाचा उपाय दुसऱ्यावर केला, तर परत मिळण्याजोगा डेटाही हातचा जातो.

(खालच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या नेहमीप्रमाणे रोमनमध्ये आणि आकडे इंग्रजी पद्धतीने. 'सभासद' आणि 'नाव' यांच्या जागी तुमच्या टेबलाचे आणि कॉलमचे नाव.)

आधी मोजा

पडद्यावर काय दिसते याच्यावर विश्वास ठेवू नका, कारण पडद्यापर्यंत येताना मजकुराचे दोनदा रूपांतर झालेले असते. आकडे मात्र वाटेत बिघडत नाहीत. ज्या ओळीत 'मराठी' हा एवढाच शब्द असायला हवा अशी एखादी जुनी ओळ निवडा आणि चालवा:

सिलेक्ट लेंग्थ(नाव), कॅर_लेंग्थ(नाव), ॲस्की(नाव) फ्रॉम सभासद व्हेअर आयडी = ४१२;

ओळ आयडीवरूनच शोधा. व्हेअरमध्ये मराठी शब्द लिहिलात तर तोही त्याच संशयित कनेक्शनमधून जाणार. नवी चाचणी-ओळ घालून तपासण्यातही अर्थ नाही. ती आजच्या कनेक्शनची हकीकत सांगेल, जुन्या डेटाची नाही.

'मराठी' या शब्दात संगणकाच्या हिशेबाने पाच चिन्हे आहेत: म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या, म्हणजे एन्कोडिंगच्या, सध्याच्या सर्वमान्य पद्धतीत) देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण १५. लेंग्थ बाइट मोजते, कॅर_लेंग्थ चिन्हे मोजते आणि ॲस्की पहिल्या बाइटची किंमत देते. उत्तर या चारांपैकी एक येईल:

१५, ५, २२४ : डेटा ठणठणीत आहे. दोष फक्त कनेक्शनचा किंवा टर्मिनलचा.
१५, १५, २२४ : बाइट बरोबर आहेत, पण कॉलमवर लॅटिन१ची (पश्चिम युरोपीय भाषांच्या जुन्या एन्कोडिंगची) पाटी आहे.
३१, १५, १९५ : दुहेरी एन्कोडिंग. यूटीएफ-८च्या बाइटना लॅटिन१ समजून पुन्हा यूटीएफ-८ केले आहे.
५, ५, ६३ : ६३ म्हणजे खरोखरचे प्रश्नचिन्ह. टेबलात '?????' हेच साठवलेले आहे.

३१ हा विषम आकडा कुठून आला? पंधरापैकी चौदा बाइट लॅटिन१मध्ये अशी चिन्हे ठरतात की त्यांना यूटीएफ-८मध्ये प्रत्येकी दोन बाइट पुरतात. पंधरावा, म्हणजे दीर्घ वेलांटीचा शेवटचा बाइट, मायएसक्यूएलच्या लॅटिन१मध्ये युरोचे चिन्ह आहे, आणि त्याला तीन लागतात. (मायएसक्यूएलचा लॅटिन१ म्हणजे प्रत्यक्षात विंडोजचे १२५२ हे कोडपेज, म्हणून तिथे युरो आहे.)

नेमका हा शब्द कुठे नसेल तर गुणोत्तर बघा. शुद्ध देवनागरी मजकुरात लेंग्थ भागिले कॅर_लेंग्थ तीनच्या आसपास आले तर ठीक, दोनच्या आसपास आले तर दुहेरी, एक आले तर उरलेल्या दोनांपैकी एक, आणि त्यांतला फरक ॲस्की सांगते. मजकुरात जागा, आकडे, स्वल्पविराम असतील तर तीनाचे पावणेतीन होते, त्याने गोंधळू नका.

१५-५ : डेटा ठीक, दिसते ते चुकीचे

बहुतेकांची तक्रार हीच असते आणि पुन्हा पुन्हा उद्भवणारा प्रकारही हाच.

सर्व्हर प्रत्येक कनेक्शनसाठी तीन गोष्टी लक्षात ठेवतो. कॅरेक्टर_सेट_क्लायंट म्हणजे 'तुमच्याकडून येणारे बाइट या एन्कोडिंगचे आहेत असे मी धरतो'. कॅरेक्टर_सेट_कनेक्शन म्हणजे 'क्वेरीतला मजकूर मी यात बदलून घेतो'. कॅरेक्टर_सेट_रिझल्ट्स म्हणजे 'उत्तर मी यात बदलून पाठवतो'. तिसऱ्यात लॅटिन१ असेल तर देवनागरीला तिथे जागाच नाही, म्हणून प्रत्येक चिन्हामागे एक ? येते. क्लायंटमध्ये 'स्टेटस' लिहून एंटर दाबा. सर्व्हर, डीबी, क्लायंट आणि कनेक्शन अशा चार कॅरेक्टरसेटच्या ओळी दिसतात. शेवटच्या दोन ओळींत यूटीएफ८एमबी४ (मायएसक्यूएलमधले पूर्ण यूटीएफ-८चे नाव) असायला हवे.

'सेट नेम्स यूटीएफ८एमबी४' तिन्ही एका फटक्यात बदलते. 'सेट कॅरेक्टर सेट' ही आज्ञा तिची जुळी बहीण वाटते, पण ती मधले कनेक्शनचे मूल्य डेटाबेसच्या डीफॉल्टवरून घेते. डेटाबेस लॅटिन१ असेल तर इन्सर्ट करताना मराठी तिथेच गळते. ती वापरू नका.

मग केलेले सेट नेम्स टिकत का नाही? कारणे पाच, आणि एकाच यंत्रणेत त्यांतली दोन-तीन एकत्र सापडतात.

पहिले, कनेक्शन तुटून पुन्हा जोडले जाणे. निष्क्रिय कनेक्शन तोडण्याची डीफॉल्ट मुदत २८,८०० सेकंद, म्हणजे आठ तास. संध्याकाळी उघडी ठेवलेली खिडकी सकाळी वापरली की क्लायंट 'सर्व्हर गॉन अवे' म्हणतो, आपणहून पुन्हा जोडतो आणि क्वेरी चालवतो. पण हे सेशन नवे असते. काल केलेले सेट नेम्स जुन्याबरोबर गेले. यावर क्लायंटची स्वतःची 'चारसेट यूटीएफ८एमबी४' ही आज्ञा आहे (लघुरूप: उलटी तिरकी रेघ आणि मोठा सी). ती सेट नेम्स तर करतेच, शिवाय पुन्हा जोडताना तोच संच वापरते.

दुसरे, क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणारी सोय. हाताने चालवलेली स्क्रिप्ट बरोबर आणि क्रॉनमधून आलेल्या अहवालात ?????. क्लायंट स्वतःचे एन्कोडिंग ऑपरेटिंग सिस्टिमच्या लँग आणि एलसी_ऑल या व्हेरिएबलांवरून ताडतो. तुमच्या लॉगिनमध्ये ती असतात, क्रॉनमध्ये बहुधा नसतात, म्हणून क्लायंट लॅटिन१वर उतरतो. स्क्रिप्टमधल्या प्रत्येक आज्ञेत --डिफॉल्ट-कॅरेक्टर-सेट=यूटीएफ८एमबी४ स्पष्ट लिहा.

तिसरे, डॉकर, म्हणजे प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात (कंटेनरमध्ये) चालवणारे साधन. 'डॉकर एक्झेक'ने कंटेनरमध्ये शिरून क्लायंट उघडला तर तीच गत, कारण आत लँग रिकामे. कधीकधी मराठी टाइपही होत नाही. एक्झेकला -ई लँग=सी.यूटीएफ-८ जोडा.

चौथे, आवृत्त्यांची विजोड जोडी. ८.० चा क्लायंट आणि ५.७ चा सर्व्हर. ८.० चा क्लायंट जोडताना स्वतःची डीफॉल्ट कोलेशन (अक्षरांची तुलना आणि क्रम ठरवणारा नियम), यूटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय, मागतो. ५.७ ला ती माहीतच नाही. तो काही कुरकुर न करता स्वतःच्या डीफॉल्टवर जातो, आणि ५.७ चा डीफॉल्ट लॅटिन१ आहे. त्यामुळे आज्ञेत पर्याय नीट लिहूनही स्टेटसमध्ये लॅटिन१ दिसते आणि माणूस चक्रावतो. इथे --इनिट-कमांड="सेट नेम्स यूटीएफ८एमबी४" द्या. ही आज्ञा प्रत्येक जोडणीनंतर चालते, पुन्हा जोडले गेले तरीही. ५.७ चा आधार ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला, पण तो सर्व्हर अजून पुष्कळ ठिकाणी चालू आहे.

पाचवे, कॉन्फिगरेशन लिहिले आहे पण वाचलेच जात नाही. माय.सीएनएफमध्ये हवे ते असे:

[मायएसक्यूएल]
डिफॉल्ट-कॅरेक्टर-सेट=यूटीएफ८एमबी४

[मायएसक्यूएलडी]
कॅरेक्टर-सेट-सर्व्हर=यूटीएफ८एमबी४
कोलेशन-सर्व्हर=यूटीएफ८एमबी४_युनिकोड_सीआय

डिफॉल्ट-कॅरेक्टर-सेट चुकून खालच्या विभागात, म्हणजे शेवटी 'डी' असलेल्या विभागात गेले, तर ५.५ पासून पुढचा सर्व्हर सुरूच होत नाही. लॉगमध्ये 'अननोन व्हेरिएबल' येते. आणि फाइलला ७७७ परवानगी असेल तर क्लायंट 'वर्ल्ड-रायटेबल कॉन्फिग फाइल इज इग्नोअर्ड' असा एक ओळीचा इशारा देऊन ती बाजूला टाकतो. हा इशारा वाचायचा राहून जातो. ६४४ करा. नेमके काय वाचले गेले ते 'मायएसक्यूएल --प्रिंट-डिफॉल्ट्स' सांगते.

विंडोजवर एक जास्तीची पायरी आहे. स्टार्ट मेनूमध्ये क्लायंटचे दोन शॉर्टकट असतात. ज्याच्या नावात युनिकोड आहे तोच उघडा. आकडे १५-५, स्टेटस बरोबर, आणि तरी चौकोन दिसत असतील तर प्रश्न फाँटचा आहे. जुन्या कमांड प्रॉम्प्टच्या खिडकीला देवनागरीची जोडाक्षरे जुळवता येत नाहीत. डेटाबेसला हात न लावता खिडकी बदला.

१५-१५ : बाइट बरोबर, पाटी चुकीची

जुन्या वेबसाइटींची ही खूण. कॉलम लॅटिन१, ॲप्लिकेशनचे कनेक्शनही लॅटिन१, आणि ब्राउझरकडून आलेले यूटीएफ-८ बाइट जसेच्या तसे आत गेले, जसेच्या तसे बाहेर आले. साइटवर मराठी स्वच्छ दिसते, म्हणून वर्षानुवर्षे कुणाला पत्ता नसतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. कमांड लाइनवरून यूटीएफ८एमबी४ने पाहिले की ती उघडते.

इथे 'आल्टर टेबल … कन्व्हर्ट टू कॅरेक्टर सेट' चालवणे म्हणजे आगीतून फुफाट्यात. सर्व्हर पाटीवर विश्वास ठेवून प्रत्येक बाइट स्वतंत्र अक्षर म्हणून बदलतो आणि १५-१५ चे ३१-१५ होते. बरोबर वाट बायनरीमार्गे जाते, कारण बायनरीला पाटीच नसते आणि रूपांतर करायला काही उरत नाही:

क्रिएट टेबल सभासद_जुने लाइक सभासद;
इन्सर्ट इन्टू सभासद_जुने सिलेक्ट * फ्रॉम सभासद;
आल्टर टेबल सभासद मॉडिफाय नाव व्हारबायनरी(५०);
आल्टर टेबल सभासद मॉडिफाय नाव व्हारकॅर(५०) कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४;

पहिल्या दोन ओळी प्रतीसाठी. सर्व्हरच्या आतल्या आत घेतलेली ही प्रत कनेक्शनमधून जात नाही, त्यामुळे तिच्यात नवा घोळ शिरू शकत नाही. आल्टरला रोलबॅक (केलेले रद्द करण्याची सोय) नाही, तेव्हा या ओळी टाळू नका. टेक्स्ट कॉलम असेल तर व्हारबायनरीऐवजी ब्लॉब. मॉडिफायमध्ये नॉट नल, डिफॉल्ट, कॉमेंट यांपैकी जे पुन्हा लिहिले नाही ते गळून जाते, म्हणून आधी 'शो क्रिएट टेबल'चे उत्तर जपून ठेवा.

शेवटच्या ओळीवर १३६६ ही एरर आली तर कारण जवळजवळ नेहमी एकच: अर्धे तुटलेले अक्षर. लॅटिन१मध्ये व्हारकॅर(५०) म्हणजे ५० बाइट. देवनागरीची १६ चिन्हे ४८ बाइट घेतात, सतराव्याचे दोनच बाइट मावतात आणि तिसरा कापला जातो. कॉलम बायनरी असतानाच अशा ओळी शोधा:

सिलेक्ट आयडी फ्रॉम सभासद व्हेअर नाव इज नॉट नल अँड कन्व्हर्ट(नाव यूझिंग यूटीएफ८एमबी४) इज नल;

मिळालेल्या ओळींतला शेवटचा एक बाइट लेफ्ट(नाव, लेंग्थ(नाव) - १) ने काढा आणि क्वेरी पुन्हा चालवा. फार तर दोनदा करावे लागते. तरीही ओळ उरली तर तिच्यात मधेच काहीतरी वेगळे आहे. ती हाताने बघा.

त्याच कॉलमवर इंडेक्स असून १०७१ एरर आली, तर ती ७६७ बाइटांच्या मर्यादेची. यूटीएफ८एमबी४मध्ये एका चिन्हाला चार बाइट धरले जातात, म्हणून १९१ च्या पुढे इंडेक्स जात नाही. रो फॉरमॅट डायनॅमिक केला की मर्यादा ३०७२ होते.

आणि ॲप्लिकेशनचे कनेक्शन त्याच वेळी यूटीएफ८एमबी४ करा. कॉलम सुधारला आणि कनेक्शन तसेच राहिले, तर आजवर चांगली दिसणारी साइट त्या क्षणापासून ????? दाखवू लागेल.

३१-१५ : दुहेरी एन्कोडिंग

कॉलम यूटीएफ-८ होता, पण पाठवणाऱ्याने यूटीएफ-८ बाइट पाठवून 'हे लॅटिन१ आहे' असे सांगितले. खात्री हवी असेल तर यूटीएफ-८ टर्मिनलमध्ये 'सेट नेम्स लॅटिन१' करून तीच ओळ वाचा. मराठी स्वच्छ दिसली तर निदान पक्के. पण लगेच यूटीएफ८एमबी४वर परत या. त्या अवस्थेत एक जरी इन्सर्ट केला तरी रोगात भर पडेल.

उलटा प्रवास असा: कन्व्हर्ट(कास्ट(कन्व्हर्ट(नाव यूझिंग लॅटिन१) ॲज बायनरी) यूझिंग यूटीएफ८एमबी४). म्हणजे खिचडीला परत लॅटिन१ बाइट करा, पाटी काढून टाका, आणि यूटीएफ-८ म्हणून वाचा.

धोका मिश्र टेबलात आहे. काही ओळी बिघडलेल्या, काही नंतर नीट भरलेल्या. वरचे सूत्र नीट ओळीवर चालले तर पहिल्याच पायरीत तिची प्रश्नचिन्हे होतात. म्हणून लॅटिन१मध्ये जाऊन जशीच्या तशी परत येणारी ओळच निवडा:

व्हेअर कास्ट(कन्व्हर्ट(कन्व्हर्ट(नाव यूझिंग लॅटिन१) यूझिंग यूटीएफ८एमबी४) ॲज बायनरी) = कास्ट(नाव ॲज बायनरी) अँड लेंग्थ(नाव) > कॅर_लेंग्थ(नाव)

खरी देवनागरी या चाळणीतून जाऊच शकत नाही. ज्या एका खणात बिघडलेल्या मजकुराला कुणी नीट मराठी जोडली आहे तोही बाहेर राहतो, आणि तो हातानेच दुरुस्त करावा लागतो. आधी हीच अट लावून 'नाव' आणि शेजारच्या नव्या रकान्यात वरचे उलट्या प्रवासाचे सूत्र सिलेक्ट करा. नव्या रकान्यात नल आलेली ओळ म्हणजे बहुधा स्वरचिन्हे असलेले खरेखुरे युरोपीय नाव, ती वगळा. मग 'स्टार्ट ट्रान्झॅक्शन', अपडेट, आकडे पुन्हा मोजा, १५-५ आले तरच कमिट. हे इनोडीबी प्रकारच्या टेबलांनाच लागू. मायआयसॅम टेबलात रोलबॅक नाही, तिथे प्रत हाच एक आधार.

५-५ : गेले

साठवलेल्या प्रश्नचिन्हांतून मूळ अक्षर परत येत नाही. म, र, ठ सगळ्यांचा ६३ झाला. बॅकअप शोधा. नवी गळती थांबवायची असेल तर सर्व्हरचा एसक्यूएल_मोड बघा. ५.७ पासून स्ट्रिक्ट मोड डीफॉल्ट आहे आणि लॅटिन१ कॉलममध्ये देवनागरी घालू पाहिली तर तो १३६६ देऊन अडवतो. जुन्या ॲप्लिकेशनच्या एरर बंद करण्यासाठी कुणीतरी हा मोड रिकामा करून ठेवलेला असतो. मग इन्सर्ट 'यशस्वी' होतो आणि इशारा कुणी वाचत नाही.

आयात करताना घुसणारा दोष

लोड डेटा इनफाइल सेट नेम्सला जुमानत नाही. फाइल कोणत्या एन्कोडिंगची हे तो डेटाबेसच्या डीफॉल्टवरून ठरवतो. म्हणून आज्ञेतच, टेबलाच्या नावानंतर, 'कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४' लिहा. फाइल एक्सेलमधून आली असेल तर ती सीएसव्ही यूटीएफ-८ या प्रकारात जतन केलेली हवी. साध्या सीएसव्हीत देवनागरीची प्रश्नचिन्हे फाइलमध्येच होतात. यूटीएफ-८ प्रकारात फाइलच्या सुरुवातीला तीन अदृश्य बाइट येतात. शीर्षकाची ओळ असेल तर 'इग्नोअर १ लाइन्स'बरोबर ते निघून जातात. नसेल तर पहिल्याच ओळीचा पहिला खण जुळता जुळत नाही.

विंडोजच्या पॉवरशेलमध्ये मायएसक्यूएलडम्पचे उत्तर > ने फाइलमध्ये वळवू नका. फाइल यूटीएफ-१६ होते आणि परत चढत नाही. --रिझल्ट-फाइल वापरा, आणि चढवताना क्लायंटच्या आत 'सोर्स' आज्ञा.

आकडे १५-५ च्या हिशेबात बसतात, तरी शोध लागत नाही

दोन टेबलांच्या जॉइनवर १२६७ एरर आली तर एकाच टेबलाची कोलेशन बदलली गेली आहे. दुसऱ्याचीही तीच करा.

मराठीतला खास घोळ मात्र 'ऱ्या'चा. 'दुसऱ्या' दोन प्रकारे टाइप होते: नुक्ता असलेला ऱ वापरून, किंवा साधा र, हलंत आणि त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण कॅर_लेंग्थ पहिल्याला ७ देते आणि दुसऱ्याला ८. बायनरी कोलेशनमध्ये हे दोन वेगळे शब्द आहेत. रिप्लेस()ने एकच रूप करून घ्या.

मजकूर रोमन अक्षरांची रांग दिसत असेल आणि लेंग्थ व कॅर_लेंग्थ समान असतील, तर तो कृतिदेव, श्री-लिपी किंवा डीव्हीबी-टीटी अशा जुन्या फाँटांत टाइप केलेला असू शकतो. सर्व्हरच्या दृष्टीने तो खराखुरा रोमन मजकूर आहे. वरचे काहीही त्याला लागू पडत नाही. त्या फाँटचा युनिकोड परिवर्तक वापरून फाइल बदला आणि नव्याने चढवा.